गुडघ्याचे पैसे

काटेसाहेबांच्या बायकोने त्यांना शेवटचं काम सांगितलं तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर टीव्ही चालू होता आणि त्यात चार माणसं एकाच वेळी बोलत होती. निवडणूक अजून जाहीर व्हायची होती, पण टीव्हीवरची माणसं कशाची वाट पाहत बसणारी नसतात. कुठली जागा कोण घेणार, कुठे कोण आपटणार आणि कुठे लढत घासून होणार, हे त्यांचं एकमेकांवर ओरडून चाललं होतं. आवाज कमी करावा म्हणून काटेसाहेबांनी रिमोट शोधला. तो शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या उशाखाली होता आणि आजी गाढ झोपल्या होत्या.

"अहो," बायको म्हणाली, "माझे गुडघ्याचे पैसे आहेत ना..."

"आहेत की. कुठे जातायत?"

"ते जिथं घासून होईल तिथं द्या. जो येणारच आहे त्याला देऊन काय उपयोग?"

"बरं. पण कुणाच्या बाजूने देऊ?"

तिने डोळे मिटले. काटेसाहेबांना वाटलं, विचार करतेय. त्यांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं. मग नर्स आली, बाटली बदलून गेली, टीव्हीवर जाहिराती लागल्या. ती विचारच करत असेल कदाचित. पण उत्तर सांगायला काही ती परत आली नाही.

गुडघ्याचे पैसे म्हणजे दोन्ही गुडघे बदलण्यासाठी तिने आपल्या पेन्शनमधून साठवलेले पैसे. ती टेलिफोन खात्यात होती. उभं आयुष्य लोकांचे नंबर जोडून देण्यात गेलं, आणि शेवटी तिच्या स्वतःच्या गुडघ्यांचा नंबर लागायच्या आत हृदयच मध्ये घुसलं. काटेसाहेबांचं आडनाव मात्र काटे नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की दुकानदार आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, "काट्यांचे साहेब आलेत रे!" आणि आतला माणूस काहीतरी घाईघाईने पोत्याखाली सरकवायचा. नोकरी संपली, नाव चिकटलं ते चिकटलंच. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा.

निवडणूक जाहीर झाली तेव्हा घर अगदी शांत झालेलं होतं. भेटायला येणारे यायचे थांबले होते. परगावी राहणारी मुलगी रोज फोन करायची आणि "जेवलात का?" एवढं विचारून झालं की दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नसे. त्यामुळे काटेसाहेबांना जेव्हा आठवलं की आपल्याला एक काम सांगितलेलं आहे, तेव्हा त्यांना जवळजवळ बरं वाटलं. काम असलेल्या माणसाला सकाळी उठून दाढी करावी लागते.

मुलीला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं.

"बाबा, आई औषधाच्या गुंगीत होती."

"शुद्धीत होती. माझ्याकडे बघून बोलली."

"'जिथं घासून होईल तिथं' म्हणाली ना? आपल्या भांडीवाल्या मावशींना द्या म्हणत असेल."

काटेसाहेबांना राग आला आणि मग शंका आली. माणूस एकदा शंकेत पडला की त्याला कपबशीसुद्धा संशयित दिसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना मोरीच्या दाराशी उभं राहून विचारलंच. मावशींनी हातातली कढई खाली ठेवली. "बाईंनी माझं सगळं त्यांच्या हाताने दिलंय," त्या म्हणाल्या, "आणि भांड्यांचं म्हणाल तर दोन ताटं आणि एक कुकर. त्यात घासून होण्यासारखं काय राहिलंय?" आणि त्यांनी नळ मोठा सोडला.

तेव्हा काम निवडणुकीचंच होतं, हे नक्की झालं. आता राहिला प्रश्न बाजूचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती काटेसाहेबांना स्वतःशी कबूल करायलाही जड जात होती. इतकी वर्षं संसार केला, पण बायको मत कुणाला देते हे त्यांना माहीत नव्हतं. मतदानाला दोघं एकत्र जायची, वेगवेगळ्या रांगांत उभी राहायची आणि परत येताना त्यांनी विचारलं की ती म्हणायची, "गुप्त असतं ते." घरी वाद म्हणाल तर रोज व्हायचे. पण त्यातून कळणार काय? त्यांनी सरकारला नावं ठेवली की ती सरकारच्या बाजूने बोलायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारची बाजू घेतली की ही सरकारचे वाभाडे काढायची. त्यावरून निष्कर्ष काढायचा तर एवढाच निघत होता की ती काटेसाहेबांच्या विरोधी पक्षात होती.

शहरातल्या बाकीच्या जागा त्यांनी लगेच बाद केल्या. टेकडीवरच्या मतदारसंघात एकच घराणं पिढ्यान्‌पिढ्या निवडून येत होतं. नदीपलीकडे एका बाजूला बसगाड्यांचा मालक उभा होता आणि दुसऱ्या बाजूला कुणी उभं राहायलाच तयार नव्हतं. घासून होणार होतं ते त्यांच्या स्वतःच्याच मतदारसंघात. तिथे एकीकडे सध्याचे आमदार होते. त्यांना सगळे फीतवाले म्हणायचे, कारण नळापासून नाट्यगृहापर्यंत कशाचंही उद्घाटन असो, फीत तेच कापायचे. दुसरीकडे एक वकीलबाई होत्या. भाडेकरूंचे खटले लढवून त्यांचा घसा कायमचा बसलेला होता, त्यामुळे त्यांच्या सभेला माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसायची, आणि तेवढ्यावरून वर्तमानपत्रं लिहायची की बाईंना प्रतिसाद वाढतोय.

काटेसाहेबांनी चौकशी सुरू केली ती वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांपासून. डॉक्टर फीतवाल्यांचे कट्टर समर्थक होते.

"काकू? शंभर टक्के आमच्या!" डॉक्टर म्हणाले. "माझ्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतः सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"मी म्हटलं, फीतवाल्यांसारखा माणूस नाही. त्या म्हणाल्या, आ."

"तोंडात काय होतं तेव्हा?"

"मशीन होतं. पण 'आ' म्हणण्यातसुद्धा फरक असतो हो. एवढी वर्षं हेच ऐकतोय मी."

मेहुणीने याच्या अगदी उलट सांगितलं. "भाऊजी, तुम्हाला एवढंही माहीत नाही? ताई पहिल्यापासून वकीलबाईंच्या पक्षाची. आमचे वडील त्या पक्षाचे, मग आम्ही सगळे त्याच पक्षाचे." काटेसाहेबांना आठवलं की बायको आणि सासरे एका खोलीत अर्धा तास बसले की घरातली बाकीची माणसं गच्चीवर जायची. पण मेहुणीपुढे हे बोलण्यात अर्थ नव्हता. ती रडायला लागली असती आणि मग त्यांनाही रडावं लागलं असतं. इमारतीच्या चिटणीसांनी शपथेवर सांगितलं की वहिनी सगळ्याच राजकारण्यांना कंटाळल्या होत्या, अगदी त्यांच्या स्वतःसारख्याच. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला की बाईंचं आणि त्याचं एकमत होतं. ते कशाबद्दल, हे निवडणूक झाल्यावर सांगेन.

प्रत्येकाला ती आपली वाटत होती. काटेसाहेब घरी येऊन खुर्चीत बसले आणि त्यांच्या मनात आलं, मग आपल्या वाट्याला नेमकी कोण आली होती?

पण खात्यात त्यांनी एक धडा घेतला होता. दुकानदार काय सांगतो ते ऐकायचं नाही, स्वतः जाऊन काटा बघायचा. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आधी फीतवाल्यांच्या प्रचार कार्यालयात गेले. तिथे गारेगार हवा होती आणि एक कार्यकर्ता लगेच चहा घेऊन आला.

"तुमचे उमेदवार निवडून येणार का?" काटेसाहेबांनी विचारलं.

"शंभर टक्के!"

"मग मला देणगी देता येणार नाही." आणि ते उठले.

"थांबा, थांबा साहेब! तशी लढत कठीणच आहे."

"किती कठीण?"

कार्यकर्त्याने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुम्ही म्हणाल तेवढी," तो म्हणाला.

वकीलबाईंचं कार्यालय एका बंद पडलेल्या शिवणक्लासमध्ये होतं. तिथे चहा नव्हता. खजिनदार म्हणून एक बाई बसल्या होत्या. त्या निवृत्त हिशेबतपासनीस होत्या, हे त्यांनी न सांगताही काटेसाहेबांनी ओळखलं, कारण पावत्यांचे कोपरे त्या पुन्हा पुन्हा जुळवून सारखे करत होत्या.

"निवडून येणार का?" त्यांनी तोच प्रश्न केला.

"सकाळी पडत होतो," खजिनदारबाई म्हणाल्या. "दुपारपासून जरा बरं आहे. संध्याकाळी पुन्हा विचारा."

हे उत्तर काटेसाहेबांना पसंत पडलं. पण उत्तर आवडलं म्हणून मृत बायकोचे पैसे काढून द्यायचे, एवढा काही त्यांचा हात सैल नव्हता. विचार करतो म्हणाले, आणि दोन्हीकडे पत्ता देऊन आले. हीच ती चूक. अनुभवी माणूस प्रचाराच्या दिवसांत पत्ता सोडून काहीही देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध घ्यायला खाली उतरले तेव्हा चार माणसं मान वर करून त्यांच्या गॅलरीकडे बघत होती. गॅलरीच्या कठड्यावर फीतवाल्यांचा हसरा फलक बांधलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'हे घर आमचं!' दुपारपर्यंत त्याच्या खाली वकीलबाईंचा लहान फलक आला, 'भाडेकरू असो वा मालक, हक्क सारखाच.' दोन्ही एकत्र वाचले की असं वाटायचं, हे घर फीतवाल्यांचं आहे आणि काटेसाहेब त्यांचे भाडेकरू आहेत. वरून डॉक्टरांनी पहिल्या फलकाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं, आणि मग वाकून दुसरा वाचल्यावर दोन दिवस बोलणं टाकलं. चिटणीसांनी जिन्यात सूचना लावली की एका घरात एकाच मताचा फलक लावावा, मतभेद घराच्या आत ठेवावेत. काटेसाहेब ती सूचना वाचून थोडा वेळ जिन्यातच उभे राहिले. घराच्या आत मतभेद व्हायला आता दुसरं माणूस कुठे होतं?

त्यातच फीतवाल्यांनी इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून दिली आणि उद्घाटनाला स्वतः आले. कात्रीचं तबक धरायला कुणीतरी ज्येष्ठ माणूस हवा होता. काटेसाहेबांना मागून ढकलत पुढे आणण्यात आलं. फीत काही कापली जाईना. काटेसाहेबांनी सवयीने कात्री हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हिची धार आणि हिची बिजागरी, दोन्ही बाद आहेत. ही वापरात ठेवणं बेकायदा आहे." नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. पत्रकात तो छापून आला तेव्हा काटेसाहेब कात्री उंचावून आवेशाने काहीतरी बोलताना दिसत होते आणि खाली ओळ होती, 'ज्येष्ठांचा निर्धार: विरोधकांचा पत्ता कापणार.'

वकीलबाईंच्या कार्यालयाने ते पत्रक पाहून दुसऱ्या दिवशी आपला फलक काढून नेला. दोरीसकट.

काटेसाहेबांचा अपमान झाला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मुलीने फोनवर विचारलं तेव्हा जेवलो म्हणाले. संध्याकाळी त्यांना आठवलं की बायको गुडघ्यांच्या व्यायामाला जायची तिथल्या कुणाला आपण विचारलेलंच नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी तिथे एकटीच होती, रबरी चेंडू पुसून ठेवत होती. त्यांना बघून तिने आधी खुर्ची दिली.

"काका, काकू इथे सगळ्यांनाच हो म्हणायच्या," ती म्हणाली. "सगळ्या बायका भिंतीला धरून पाय उचलायच्या आणि राजकारण बोलायच्या. एक म्हणायची फीतवाले चोर, काकू म्हणायच्या हो ना. दुसरी म्हणायची वकीलबाई घमेंडखोर, काकू म्हणायच्या अगदी. मी एकदा विचारलं, काकू, तुमचं स्वतःचं मत काय? तर म्हणाल्या, माझ्या घरी भांडायला चांगला माणूस आहे, मग बाहेर कशाला दम घालवू?"

काटेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"चांगला माणूस म्हणाली?"

"भांडायला चांगला, म्हणाल्या," मुलीने प्रामाणिकपणे दुरुस्ती केली.

घरी येईपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता. बायकोची बाजू काही कुणाला कळणार नव्हती. तेव्हा वजन आपणच करायचं. एका बाजूने त्यांना न विचारता पत्रकात छापलं होतं आणि दुसऱ्या बाजूने सकाळी पडत होतो म्हणून खरं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते शिवणक्लासमध्ये गेले आणि खजिनदारबाईंपुढे चेकबुक ठेवलं. कात्रीचा खुलासा करण्यात बराच वेळ गेला. मग बाईंनी मतदार यादी उघडली, कारण त्यांच्या पक्षाच्या नियमाप्रमाणे देणगी मतदाराचीच घ्यायची होती. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"इथे तुम्ही मयत आहात," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तुमच्या नावावर काट आहे. मिसेस आहेत यादीत. त्या हयात आहेत."

काटेसाहेबांनी यादी आपल्याकडे वळवून घेतली. वारल्याची नोंद करायला ते स्वतःच गेले होते आणि कुणीतरी चुकीच्या ओळीवर रेघ मारली होती. त्यांच्या नावावर ती काळी रेघ होती आणि खाली तिचं नाव स्वच्छ, नेटकं, वयासकट. जणू आता सही करायला येईल.

"मयत माणसाची देणगी घेता येत नाही," खजिनदारबाई म्हणाल्या. आवाज मात्र मऊ झाला होता. "मिसेसच्या सहीने चालली असती."

खातं जोडीचं होतं. पैसेही तिचेच. घरी आल्यावर काटेसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद घेतला आणि तिची सही करून पाहिली. पहिली जमली नाही. दुसरीही नाही. तिसरी अशी हुबेहूब उतरली की ते दचकले. आयुष्यात त्यांनी एकाही खोट्या वजनावर शिक्का मारला नव्हता. त्यांनी कागद फाडायला घेतला आणि त्या तिसऱ्या सहीशी हात थांबला. तेवढा तुकडा बाजूला ठेवून त्यांनी बाकीचा कागद फाडला.

मतदान चार दिवसांवर आलं आणि फीतवाल्यांचा तोच चहावाला कार्यकर्ता घरी आला. यादीतली गंमत त्यांनाही कळली होती. त्याने आधी काकूंबद्दल दुःख व्यक्त केलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, काकूंचं नाव आहे. मत वाया कशाला घालवायचं? आमच्याकडे एक बाई आहेत, साधारण त्याच वयाच्या. त्या जातील. तुम्ही फक्त आक्षेप घेऊ नका."

काटेसाहेबांना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ती रांग आली, आणि त्या रांगेत उभी असलेली कुणीतरी एक बाई. नाव विचारलं की ती बायकोचं नाव सांगणार. नवऱ्याचं नाव विचारलं तर त्यांचं.

"त्या बाईंचे गुडघे दुखतात का?" त्यांनी विचारलं.

"अं? नाही, ठणठणीत आहेत."

"मग नाही जमणार," काटेसाहेब म्हणाले, उठले आणि दार उघडून उभे राहिले. कार्यकर्ता जिना उतरून गेला तरी ते बराच वेळ तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते निवडणूक कार्यालयात गेले तेव्हा त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. दुसरीवरच्या माणसाने जेवणाच्या सुट्टीच्या पाटीकडे बोट दाखवलं. शेवटी जिन्याखालच्या टेबलावर एक कारकून भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं नाव परत घ्यायचं तर आधी त्यांचं कमी करावं लागेल, काका. नाहीतर संगणक म्हणतो, या घरात एक मृत्यू झालाय, तो दाखवा."

"म्हणजे मी जिवंत व्हायचं तर..."

"हो. दोन अर्ज. तुमचा मी भरतो. त्यांचा तुम्हाला भरावा लागेल. जवळच्या माणसाची सही लागते."

अर्जावर नाव वगळण्याचं कारण विचारलं होतं. तीन चौकोन होते: मयत, दुबार, स्थलांतरित. त्यांतल्या एकात खूण करायची. काटेसाहेबांनी पेन उघडलं आणि तिसऱ्या चौकोनाकडे पाहत राहिले. स्थलांतरित. हा शब्द त्यांनी सरकारी कागदांवर किती वेळा वाचला असेल, पण तो इतका चांगला कधी दिसला नव्हता. माणूस इथून उठून दुसरीकडे राहायला गेलं आहे, एवढंच. तिथे नळाला पाणी आहे, जिन्याला कठडा आहे. पेनाचं टोक त्या चौकोनावर टेकलं.

"काका," कारकून हळूच म्हणाला, "स्थलांतरित लिहिलंत तर नवा पत्ता द्यावा लागेल."

"हो का?"

"हो ना."

काटेसाहेबांनी पेन उचललं. पहिल्या चौकोनात खूण केली, सही केली, तारीख घातली. दवाखान्यात, स्मशानात, बँकेत, सगळीकडे त्यांनी सह्या केल्या होत्या, पण त्या लोकांनी दाखवलेल्या जागी केल्या होत्या. ही पहिली सही त्यांनी स्वतः वाचून, समजून केली. कारकुनाने शिक्का मारला आणि तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला.

"त्यांच्या नावावर आजच काट बसेल. तुमचं नाव पुढच्या महिन्यात लागेल," तो म्हणाला. "या मतदानाला नाही सापडणार."

"चालेल," काटेसाहेब म्हणाले. ते बाहेर आले आणि कार्यालयाच्या पायरीवरच बसले. आत जाणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. एका बाईने त्यांना पाणी हवंय का विचारलं. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे तिला कळेना, तेव्हा ती बाटली त्यांच्याशेजारी ठेवून निघून गेली.

मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसून राहिले. डॉक्टर बोटाची शाई दाखवायला खाली आले आणि बोट मिटून परत गेले.

वकीलबाई पडल्या. एका मोठ्या लग्नाच्या पंगतीत मावतील एवढ्या मतांनी पडल्या. टीव्हीवरची चार माणसं म्हणाली की हे आम्ही आधीच सांगितलं होतं.

महिन्याभराने काटेसाहेब कागदोपत्री जिवंत झाले आणि त्याच दिवशी चेकबुक घेऊन शिवणक्लासमध्ये गेले. तिथे सामान आवरणं चाललं होतं. भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालून दाराशी रचल्या होत्या आणि खुर्च्यावाला त्या न्यायला आला होता. खजिनदारबाई नव्हत्या. स्वतः वकीलबाईच भिंतीवरचे कागद काढत होत्या. जवळून त्या बऱ्याच लहानखुऱ्या दिसत होत्या.

"देणगी?" त्यांच्या बसलेल्या आवाजात आश्चर्यसुद्धा खरखरीत वाटलं. "काका, मी हरले. हरलेल्याला कुणी देत नाही."

"छापखान्याचं बिल राहिलं असेल."

"ते तर राहिलंय."

मग काटेसाहेबांनी सगळं सांगितलं. दवाखान्यापासून. गुडघे, कात्री, ती ठणठणीत बाई. वकीलबाई हातात कागदांची गुंडाळी धरून उभ्यानेच ऐकत होत्या.

"याहून जास्त घासून कुठे झालं नाही," ते शेवटी म्हणाले. "म्हणून इथेच द्यायचे. फक्त एक विचारायचं होतं. इथे जवळच राहायची ती. काठी घेऊन चालायची. तुमच्याशी कधी बोलली होती का? सगळे म्हणतात, ती आमच्या बाजूची होती."

वकीलबाईंनी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. डोळे बारीक करून, खिडकीबाहेर बघत.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मी रोज एवढ्या लोकांना भेटायचे. बोलल्याही असतील. पण मला आठवत नाहीत."

काटेसाहेबांनी मान हलवली. त्यांनी रचलेल्या खुर्च्यांवर चेकबुक ठेवलं, चेक लिहिला आणि अक्षरी रक्कम दोनदा वाचून पाहिली. वकीलबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांनी विचारलं,

"कशा होत्या त्या?"

इतक्या महिन्यांत काटेसाहेबांना कुणी हे विचारलं नव्हतं. ती कशी होती हे सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी, मेहुणीने, चिटणीसांनी.

"तिला फोन वाजलेला सहन व्हायचा नाही," ते म्हणाले. "आयुष्यभर टेलिफोन खात्यात काढलं, आणि घरी फोन वाजला की म्हणायची, तुम्ही घ्या. मी घेतला की शेजारी उभी राहून मला काय बोलायचं ते सांगायची. जिना चढताना मोजायची नाही, शिव्या द्यायची. प्रत्येक पायरीला वेगळी. आणि हसायची तेव्हा आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. अंधारात मला कळायचंच नाही की ही हसतेय की..."

खुर्च्यावाला दाराशी खोळंबून उभा होता. वकीलबाईंनी रचलेल्यांतल्या वरच्या दोन खुर्च्या ओढून काढल्या, एक काटेसाहेबांपुढे ठेवली आणि दुसरीवर स्वतः बसल्या.

"मग?" त्या म्हणाल्या.

काटेसाहेब बसले आणि सांगू लागले. थोड्या वेळाने खुर्च्यावाल्यानेही एक खुर्ची काढून घेतली.